अण्णासाहेब किर्लोस्कर : चरित्र आणि पदांचे चिरंजीवित्व

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण ‘संगीत सौभद्र’ची संहिता अभ्यासली. वाचताना आपल्यापैकी अनेकांनी पदे वगळून केवळ संवाद वाचले असतील. तसे केल्यास निम्मे नाटक हातून निसटते. ते कसे, हे नाटककाराच्या चरित्रावरून ध्यानात येईल.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा त्यांच्या कानांवर बालपणापासून होत्या. पुढे सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी नाटकाचा ध्यास जोपासला. पुण्यात पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहिल्यावर मराठीतही असे नाटक व्हावे, असे त्यांना वाटले. त्यातूनच ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले.

त्यापूर्वीच्या पौराणिक नाटकांत पदे प्रामुख्याने सूत्रधार गात असे. अण्णासाहेबांनी ती पात्रांच्या मुखी दिली. त्यामुळे पद हे कथेचे निवेदन न राहता पात्राचे बोलणे झाले. मनाविरुद्ध ठरलेल्या विवाहाने व्याकूळ झालेली सुभद्रा आपले दुःख स्वतः गाऊन सांगते. म्हणून पद वगळले, की सुभद्राच अबोल होते.

चालींची निवडही लक्षात घ्या. रागदारी आणि कन्नड पदांच्या चालींबरोबर त्यांनी साकी, दिंडी यांसारखे परिचित छंद योजले. साकीच्या चरणात १६ आणि १२, तर दिंडीच्या चरणात ९ आणि १० अशी मात्रांची विभागणी असते. ही लय बोलण्याला जवळची असल्याने शब्द स्वरांखाली दबत नाहीत. त्या काळी आपले लातूर निजामाच्या राज्यात होते आणि पुण्याची रंगभूमी दूर होती. परंतु साकी-दिंडी कीर्तनातून परिचित होत्या. कीर्तन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ही पदे आजही परकी वाटत नाहीत.

‘रामराज्यवियोग’ अपूर्ण असतानाच २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘सौभद्र’चे प्रयोग मात्र आजही होतात.

आता सुभद्रेचे एक पद प्रथम मनात वाचा, नंतर ध्वनिमुद्रण ऐका. अर्थात कोणती भर पडली, ते पाच ओळींत लिहा.