मठाच्या बागेतील शास्त्रज्ञ : ग्रेगोर मेंडेल



आजाऱ्यांच्या वेदना पाहणे ज्यांना सोसवत नव्हते, अशा एका धर्मगुरूंची ही जीवनकथा आहे. रुग्णांच्या खाटेपाशी ते उभे राहू शकले नाहीत. तरीही त्यांचे कार्य आज रुग्णालयांपर्यंत पोहोचले आहे.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात जुलै 1822 मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी योहान मेंडेल यांचा जन्म झाला. वडिलांना अपघात झाला आणि शिक्षणासाठी पैसा उरला नाही. तेव्हा धाकटी बहीण टेरेसिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा भावाला दिला. 1843 साली ते ब्रनो येथील संत थॉमस यांच्या अगस्तीनियन मठात दाखल झाले व ग्रेगोर हे नाव त्यांना मिळाले. 1847 मध्ये त्यांना गुरुदीक्षा लाभली.

रुग्णांना धीर देण्याची सेवा त्यांच्याकडे आली. परंतु इतरांचे क्लेश पाहून ते स्वतःच आजारी पडले. मठाधिपती सिरिल नॅप यांनी त्यांना दोष न देता शाळेत शिकविण्यास पाठविले. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र मेंडेल 1850 मध्ये अनुत्तीर्ण झाले, आणि 1856 चा दुसरा प्रयत्नही फसला.

त्याच वर्षी त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्यांवर प्रयोग आरंभिले. आठ वर्षांत सुमारे 28,000 रोपे त्यांनी तपासली. जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या रोपांचा संकर करताच पहिल्या पिढीत सारी फुले जांभळी आली. पुढच्या पिढीत मात्र 705 रोपांना जांभळी, तर 224 रोपांना पांढरी फुले लागली. पांढरा रंग नष्ट झालाच नव्हता. तो दडून राहिला होता. आनुवंशिकतेचा नियम येथे सापडला. 1866 मध्ये निबंध छापला गेला, पण त्याचे मोल फारसे कोणी ओळखले नाही. 1868 साली मेंडेल मठाधिपती झाले. बहिणीच्या मुलांना शिक्षणासाठी साहाय्य करून त्यांनी तिचे ऋण फेडले. त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले. 6 जानेवारी 1884 रोजी ते प्रभूघरी गेले. 1900 साली जगाला त्यांचा शोध नव्याने उमगला.

वाचकहो, त्या पांढऱ्या फुलाचे गूढ 2010 साली उकलले. एका जनुकात प्रथिनाचा मजकूर नसलेला भाग असतो. त्याच्या सीमेवर केवळ एक अक्षर बदलले होते! मानवी डीएनएचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनांचा मजकूर वाहतो. उरलेल्याला एके काळी कचरा म्हटले जाई. तो सर्वच उपयोगी आहे असे नाही. पण जनुके केव्हा व कोठे जागी व्हावीत, हे ठरविणाऱ्या कळा त्यातच आहेत.

नवजात अर्भकाचेच पाहा. ते थंडीत आपल्यासारखे कुडकुडत नाही. तपकिरी चरबी जाळून अंगात ऊब निर्माण करते. ऊब देणारे ते जनुक अशाच एका कळीने चालू होते. 2015 मध्ये असेही दिसले की, अशा भागातील एका अक्षराच्या बदलाने चरबीच्या पेशी उष्णता निर्माण करण्याऐवजी चरबी साठवू लागतात आणि लठ्ठपणाकडे कल वाढतो. लठ्ठपणामागून मधुमेह व हृदयविकार येतात, हे आपण जाणतोच. अर्थात आहार व व्यायाम यांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये 1991 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथील जनुकीय केंद्राने नवजात बालकांची तपासणी हाती घेतली. थायरॉइडची जन्मजात उणीव असलेल्या बाळाचे अंग थंड पडते, बुद्धीची वाढ खुंटते; वेळीच निदान झाल्यास औषधाने ते सावरते. अशा केंद्रातील आनुवंशिक आजारांच्या निदानाचा पाया मठाच्या त्या बागेत घातला गेला.

रुग्णशय्येपासून दूर गेलेल्या मेंडेल यांना परमेश्वराने असे परत आणले. आपल्या मंडळीत, आपल्या घरात नापास ठरलेले, मागे पडलेले कोणी असेल, तर नॅप यांच्याप्रमाणे आपण त्याला एखादी बाग देऊ या.