फाशीच्या दारातून परत आणणारा वकील

पेरी मेसन हे नाव तुमच्यापैकी काही जणींच्या कानावरून नक्की गेलं असेल. भर कोर्टात खऱ्या खुन्याला उघडं पाडणारा, कादंबरीतला वकील. त्याला जन्म देणारे अर्ल स्टॅनले गार्डनर स्वतःही वकील होते. मेसनच्या त्यांनी ऐंशीवर कादंबऱ्या लिहिल्या, पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते दुसऱ्याच कामात.

गार्डनर यांचा जन्म १८८९ सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. मुष्टियुद्धाच्या नादापायी कायद्याचं कॉलेज सुटलं. मग वकिलांच्या ऑफिसात काम करता करता अभ्यास केला आणि १९११ मध्ये कॅलिफोर्नियात सनद मिळवली. ऑक्सनार्ड गावात त्यांच्याकडे येत ते गरीब चिनी लोक. एकदा पोलीस लॉटरी विकणाऱ्या चिनी माणसांना नावानिशी पकडायला निघाले. गार्डनरनी काय करावं? दुकानदारांना एकमेकांच्या दुकानात बसवलं! पोलिसांना सगळे चिनी चेहरे सारखेच, त्यामुळे भलत्याच माणसांना भलत्या नावांनी पकडून आणलं आणि खटले कोसळले. गंमत आहे खरी, पण ओळख पटवणं किती कच्चं असतं हेही त्यातून दिसतं.

१९३३ मध्ये मेसनची पहिली कादंबरी आली आणि पैसा, नाव सगळं मिळालं. आता आरामात लिहीत बसायचं, कोर्टाची पायरी कशाला चढायची, असं कुणीही म्हटलं असतं. पण एक दिवस लिंडली नावाच्या कैद्याचे कागद त्यांच्याकडे आले. लाल केसांचा हा गरीब मजूर एका लहान मुलीच्या खुनाबद्दल फाशीची वाट बघत होता. त्याच्या वकिलाने गार्डनरना नुसतं कागद वाचायला सांगितलं.

त्यांनी ते वाचले, आणि नुसते वाचले नाहीत. कोण, किती वाजता, कुठे होतं, याचा साक्षीदारांच्या जबान्यांवरून तक्ता मांडला. आपण महिन्याचा हिशेब मांडतो ना, तसा. त्यांच्या मते, साक्षीदाराने गुन्हेगाराला पाहिलं त्या वेळी लिंडली दुसरीकडेच होता. हे सगळं कोर्टाच्याच कागदांत होतं, पण कुणी सलग लावून पाहिलं नव्हतं! गार्डनरनी न्यायमूर्तींना आणि गव्हर्नरला पत्रं लिहिली. फाशी टळली. पण तोवर लिंडलीचं मन पार ढासळलं होतं. ही बाजू मला विसरता येत नाही.

अशी किती माणसं आत असतील? अपील संपलं की कायद्याच्या दृष्टीने सगळं संपतं. म्हणून १९४८ मध्ये 'आर्गोसी' मासिकाचे प्रकाशक हॅरी स्टीगर यांच्यासोबत गार्डनरनी 'शेवटचं न्यायालय' नावाचा उपक्रम सुरू केला. नाव न्यायालयाचं, पण अधिकार शून्य. सोबत डॉक्टर होते, गुप्तहेर होते, खोटं पकडणाऱ्या यंत्राचे तज्ज्ञ होते. कैद्याकडून एक पैसा घ्यायचा नाही. प्रकरण तपासायचं, मासिकात छापायचं आणि वाचकांपुढे ठेवायचं. कायद्याच्या बारीकसारीक चुकांवर सुटू पाहणाऱ्यांना तिथे थारा नव्हता. माणूस खरोखर निर्दोष हवा.

पहिलं प्रकरण क्लॅरन्स बॉगी या लाकूडतोड्याचं. १९३५ पासून तो वॉशिंग्टन राज्यात खुनाची शिक्षा भोगत होता. तुरुंगातल्या पाद्र्याने गार्डनरचं दार ठोठावलं आणि १९४८ मध्ये बॉगीला माफी मिळाली. पुढे व्हर्जिनियातल्या सिलास रॉजर्स या कृष्णवर्णीयाचंही तेच. पोलिसाच्या खुनाबद्दल १९४३ मध्ये फाशी सुनावली गेली, नंतर ती जन्मठेपेवर आली आणि अखेर १९५२ मध्ये त्याला माफी मिळाली. त्यात तिथल्या एका दैनिकाच्या संपादकानेही पाठपुरावा केला होता.

तुरुंगांतून पत्रांचा पाऊस पडू लागला. आमच्यासारख्या कैदी बायकांकडे जाणाऱ्यांना याचा अर्थ चटकन कळतो. तिथेही पहिली मागणी वकिलाची नसते, कागद वाचून दाखवणाऱ्या माणसाची असते.

घरच्या आयुष्याबद्दल थोडं सांगायला हवं. पहिल्या पत्नीपासून ते अनेक वर्षं वेगळे राहिले, पण घटस्फोट झाला नाही. त्या १९६८ मध्ये वारल्या, आणि त्याच वर्षी गार्डनरनी आपल्या जुन्या सेक्रेटरी जीन यांच्याशी लग्न केलं. मेसनची चतुर सेक्रेटरी डेला स्ट्रीट हिच्यात जीनचीच सावली आहे, असं मानतात. त्यांचा संसार जेमतेम दीड वर्षाचा. ११ मार्च १९७० रोजी टेमेक्युलाच्या आपल्या रँचवर गार्डनर गेले. त्यांची रक्षा, त्यांना आवडणाऱ्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी मुलखावर उधळली गेली.