मुलं शाळेत येईनात, म्हणून ताराबाईंनी शाळाच अंगणात नेली

गावोगावी दिसणारी अंगणवाडी आली कुठून? तिची मुळं आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आहेत आणि त्यामागे नाव आहे ताराबाई मोडक यांचं.

१८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. पुढे भावनगरला त्यांनी गिजुभाई बधेकांसोबत काम केलं. लहान मूल नुसतं ऐकून नाही, तर हातांनी करून, आपल्या गतीने शिकतं, हा मारिया मॉन्टेसरींचा विचार त्यांना पटला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

पण एक अडचण होती. मॉन्टेसरीची साधनं महाग, त्यामुळे गरिबांच्या मुलांपर्यंत ती पोचणार कशी?

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीत काम सुरू केलं. अनुताई वाघही सोबत आल्या. शिंपले, बिया, पानं, खडे हीच तिथली साधनं झाली. मोजणं, रंग ओळखणं, लहान-मोठं लावणं, सगळं त्यावरच.

तरीही दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि घरासमोरच्या अंगणात वर्ग भरला. तीच अंगणवाडी!

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांजवळ गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना देशभर नाव मिळालं, अंगणवाडी.