रॉनल्ड रेगन

रॉनल्ड विल्सन रेगन (जन्म : ६ फेब्रुवारी १९११, टॅम्पिको, इलिनॉय, मृत्यू : ५ जून २००४, लॉस एंजेलस) हे अमेरिकेचे ४०वे राष्ट्राध्यक्ष (१९८१–१९८९) होते. गर्भपाताची मुभा वाढवणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी करणारे गव्हर्नर आणि पुढे गर्भपातविरोधी चळवळीचे प्रमुख राजकीय नेते, अशा दोन्ही नात्यांनी त्यांचे नाव या विषयाच्या इतिहासाशी निगडित आहे.

पूर्वायुष्य

युरेका महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर रेगन यांनी नभोवाणीवर क्रीडा-समालोचन केले. १९३७ पासून ते हॉलिवूडमध्ये अभिनेते होते. आरंभी डेमोक्रॅटिक पक्षाचे असलेले रेगन १९६२ मध्ये रिपब्लिकन झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर बनले.

१९६७ चा कायदा

तोवर कॅलिफोर्नियात केवळ मातेचा जीव वाचवण्यासाठीच गर्भपात कायदेशीर होता. रुबेलाची (जर्मन गोवर) बाधा झालेल्या गर्भवतींचे गर्भपात केल्याबद्दल १९६६ मध्ये सान फ्रान्सिस्कोतील नऊ डॉक्टरांवर आरोप ठेवण्यात आले. या पार्श्वभूमीवर डेमोक्रॅटिक सिनेटर अँथनी बीलेन्सन यांचे सुधारणा विधेयक पुढे आले. कॅथलिक धर्मगुरूंचा त्यास विरोध होता, तर रेगन यांचे सासरे, शल्यचिकित्सक लॉयल डेव्हिस, अनुकूल होते. रेगन यांचा निर्णय बराच काळ होत नव्हता. गर्भातील व्यंगाच्या कारणावरून गर्भपातास परवानगी देणारे कलम त्यांच्या आक्षेपामुळे वगळण्यात आले. बलात्कार, निकटच्या नात्यातील लैंगिक संबंध आणि मातेच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास गंभीर धोका ही कारणे कायम राहिली. जून १९६७ मध्ये त्यांनी स्वाक्षरी केली.

भूमिकेतील बदल

मानसिक आरोग्याच्या कलमाचा अर्थ डॉक्टरांनी व्यापकपणे लावला. काही वर्षांतच राज्यातील कायदेशीर गर्भपातांची वार्षिक संख्या १ लाखाच्या पुढे गेली. रेगन यांनी पुढे या स्वाक्षरीबद्दल खेद व्यक्त केला. २२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताच्या हक्कास घटनात्मक संरक्षण दिले. त्यानंतर १९७६ च्या उमेदवारीच्या लढतीत रेगन यांनी घटनादुरुस्तीचा पुरस्कार केला. १९८० मध्ये पक्षाच्या जाहीरनाम्यातही ती मागणी आली. समर्थकांच्या मते हा अनुभवातून झालेला प्रामाणिक बदल होता. टीकाकारांना त्यात धार्मिक मतदारांना जोडण्याचा हिशेब दिसला.

राष्ट्राध्यक्षपद

१९८३ मध्ये रेगन यांनी या विषयावर प्रदीर्घ लेख लिहिला. त्याच वर्षी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव सिनेटमध्ये आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत मिळवू शकला नाही. १९८४ च्या मेक्सिको सिटी धोरणानुसार गर्भपाताची सेवा देणाऱ्या किंवा त्याचा पुरस्कार करणाऱ्या परदेशी स्वयंसेवी संस्थांना अमेरिकेचे कुटुंबनियोजन साहाय्य नाकारण्यात आले. चळवळीच्या वार्षिक मोर्चाला मात्र ते प्रत्यक्ष उपस्थित न राहता दूरध्वनीवरून संबोधित करीत.

उत्तरकालीन परिणाम

रेगन यांनी नेमलेल्या न्यायाधीशांपैकी सँड्रा डे ओ'कॉनर व अँथनी केनेडी यांनी १९९२ च्या केसी खटल्यात रो निकालाचा गाभा कायम राखणाऱ्या निर्णयास साथ दिली. अँटोनिन स्कॅलिया यांनी विरोध नोंदवला. रो निकाल अखेर २०२२ मध्ये, रेगन यांच्या निधनानंतर १८ वर्षांनी, रद्द झाला.