ताराबाई मोडक आणि अंगणातली शाळा

आपल्यापैकी पुष्कळजणींची मुले अंगणवाडीत जाऊन आली. परंतु ही अंगणवाडी प्रथम कोणी भरविली हे फार थोड्या जणींना ठाऊक असते. म्हणून ताराबाई मोडक यांच्याविषयी चार शब्द लिहिते.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस केळकरांच्या घरी झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीस गेल्या, परंतु संसार टिकला नाही. पुढे राजकोटला नोकरी केली आणि १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात येऊन त्यांनी बालशिक्षणाला वाहून घेतले.

१९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले काही केंद्रात येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! विकतची साधने महाग. मग शिंपले, बिया, खडे, पाने यांवरच मुले मोजायला शिकली, रंग आणि आकार ओळखू लागली.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींत गेले. तेथील मुले गुरे राखीत. गुरे सोडून ती शाळेत कशी येणार? म्हणून ताराबाई-अनुताईंनी कुरणशाळा काढली. गुरे चरत त्या माळावरच शिक्षण सुरू झाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली, म्हणजे धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीचेही शिक्षण होई. या योजनेस विकासवाडी म्हणत.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. १९७५ साली सरकारी योजनेतून अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

धाकटी भावंडे सांभाळायची म्हणून माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळे कडेवर मूल घेतलेल्या त्या मुलींचे मला फार वाटते. मूल शाळेत आले नाही की आपण आईबापांना बोल लावतो. ताराबाईंनी शाळेलाच जागेवरून उठविले.

आपल्या मंडळाच्या मागे अंगण आहे, कडुनिंबाची सावली आहे. वाळत घातलेल्या सतरंज्या सकाळी दोन तास उचलल्या, तर पलीकडच्या बांधकामावरची मुले तेथे बसू शकतील. खडे आणि निंबोळ्या तर आयत्याच पडलेल्या आहेत.