पंडिता रमाबाई : उपासनेची भाषा आणि तिचा स्वर

कळस किंवा इंदापूर तालुक्यातील अन्य गावांतून भिगवणला येऊन पुण्याची गाडी पकडली, की दौंड, पाटस मागे टाकून गाडी केडगावला पोचते. तेथील मुक्तिसदनामुळे पंडिता रमाबाईंचे नाव या भागाला परिचित आहे. त्यांच्या समाजसुधारणेचा विचार आपण अन्यत्र करतो. प्रस्तुत घटकात त्यांच्या चरित्राकडे एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने पाहावयाचे आहे : उपासनेत उच्चारले जाणारे शब्द उपासकाला कळले पाहिजेत काय?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. मातेकडून ही विद्या कन्येला मिळाली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी भ्रमण करीत असे आणि देवळांतून, नदीच्या घाटांवरून पुराणे वाचीत असे. श्रोते भोवती बसत, दक्षिणा ठेवीत आणि निघून जात. संस्कृत शब्द कानांवर पडले की पुण्य लाभते अशी श्रद्धा असल्याने लोकभाषेत अर्थ सांगण्याची फारशी गरज कोणाला भासत नसे. कुटुंबाची उपजीविका या वाचनावर चालत होती, हे येथे ध्यानात घ्यावे. अर्थाविना चालणाऱ्या उपासनेचा अनुभव रमाबाईंना श्रोत्यांच्या नव्हे, तर वाचकाच्या आसनावरून आला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. बंधू श्रीनिवास यांचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ मधील वैधव्य या घटना अवघ्या दोन वर्षांत घडल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने राहत असताना त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. मात्र संघाच्या शिस्तीशी त्यांचे पटले नाही. क्रूसावरील लॅटिन अक्षरांवरून झालेला वाद वरवर क्षुल्लक वाटेल, पण भाषेच्या अभ्यासकाने त्यावर थांबावे असा तो आहे. भारतातील स्त्रियांना न कळणारी भाषा त्यांच्यापुढे का मिरवावी, असे रमाबाईंनी विचारले. ब्राह्मणांना संस्कृताविषयी वाटते तसेच काहीसे या भगिनींना लॅटिनविषयी वाटते की काय, अशी शंकाही त्यांनी पत्रातून स्पष्टपणे व्यक्त केली. धर्म बदलला तरी प्रश्न तोच राहिला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदासदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. विधवांसाठीच्या या शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींना आपापले आचार पाळता यावेत, अशी हमी दिलेली होती. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार हे निमंत्रण होते की केवळ संकोचाचा अभाव? रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही, हे मान्य करता येते. परंतु जिच्या आधाराने आपण राहतो, तिची प्रार्थना ही आश्रित मुलीला तटस्थपणे पाहता येईल अशी गोष्ट नसते. सल्लागारांची अस्वस्थता केवळ पूर्वग्रहातून आली होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

यानंतर रमाबाई केडगावकडे वळल्या. मध्य प्रांतातील १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले आणि गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. येथे तटस्थतेची हमी नव्हती. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते आणि शाळा, शेत, उद्योगगृह यांच्याबरोबर प्रार्थनामंदिर त्याच्या केंद्रस्थानी होते. एकाच छताखाली हिंदीच्या बोली, गुजराती आणि मराठी बोलणाऱ्या मुली उपासनेला बसत.

१९०५ च्या प्रारंभी रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्त्रियांना एकत्र केले आणि जूनच्या अखेरीस त्या सभांचे स्वरूप पालटले. शेकडो मुली एकाच वेळी, प्रत्येक आपल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, हसणे, टाळ्यांच्या ठेक्यावर गाणे यांनी सभागृह भरून गेले. क्रमाने, मंद स्वरात चालणाऱ्या पाश्चात्त्य उपासनेची सवय असलेल्या अनेक मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाई प्रथम साशंक होत्या, पण नंतर त्यांनी मुलींची बाजू घेतली. भारतीयांची भक्ती त्यांच्या स्वभावाला साजेशा रीतीने प्रकट व्हावी, परक्या शिस्तीचे माप तिला लावू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. तुकोबांची पालखी यवत, वरवंडमार्गे बारामती व इंदापूरकडे जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना समूहाने उंच स्वरात केलेली भक्ती परकी वाटणार नाही.

तथापि एक फरक नोंदविला पाहिजे. रमाबाईंचे समकालीन कवी नारायण वामन टिळक यांनी अभंगाचा साचा आणि संतांची शब्दकळा ख्रिस्ती उपासनेत आणली. रमाबाई उलट दिशेने गेल्या. हिंदू धर्मकल्पनांचा गंध असलेले शब्द त्यांना बायबलच्या मराठीत नको होते. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळेल असे भाषांतर करावे म्हणून त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सुमारे १९०५ पासून अखेरपर्यंत त्यांनी हे काम एकहाती चालविले. अक्षरजुळणी मुक्तिसदनातील स्त्रियाच करीत. मुळाशी शब्दनिष्ठ राहण्याच्या आग्रहामुळे वाक्यरचना मात्र जागोजागी अवघड झाली, आणि जिच्यासाठी सोपेपणा योजला तिलाच ती अडखळविते.

१९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. ते समग्र रूपाने १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्या मुद्रणालयातून प्रसिद्ध झाले. मराठी मंडळ्यांमधून मात्र बायबल सोसायटीचीच प्रत वाचली जात राहिली.