गुहेतल्या जनावरांचं वय शोधणारे फादर ब्रॉय

गुहेच्या भिंतीवर तारीख लिहिलेली नसते. मग तिथला बायसन किती हजार वर्षांचा, हे ठरवायचं कसं? या एका प्रश्नामागे फ्रान्सचे फादर आंरी ब्रॉय जवळजवळ साठ वर्षं फिरले.

त्यांचा जन्म १८७७ चा. १९०० साली गुरुदीक्षा झाली, पण धर्मग्रामाची जबाबदारी त्यांनी कधी घेतली नाही. आदिमानवाचा अभ्यास हेच त्यांचं काम झालं. सप्टेंबर १९०१ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी कोंबारेल आणि फों-द-गोम या गुहांतली चित्रं उजेडात आणली. त्यांत मॅमथ होते. मॅमथ तर तिथून केव्हाच नामशेष झालेले! म्हणजे चित्रकारही तितकाच जुना असणार.

याचा फायदा स्पेनमधल्या आल्तामिरालाही झाला. तिथली चित्रं सौतुओला यांनी १८७९ मध्ये पाहिली होती, पण बहुतेक विद्वानांनी ती बनावट ठरवली. तो डाग घेऊनच सौतुओला १८८८ मध्ये वारले. १९०२ साली ब्रॉय तिथे गेले. छत अगदी बुटकं, म्हणून ते पाठीवर आडवे पडून मेणबत्तीच्या उजेडात बायसन उतरवून घेत. ओलाव्यामुळे जलरंग वाळेनात, तेव्हा त्यांनी पेस्टल वापरले.

वय ठरवण्याची त्यांची रीत साधी होती. एका चित्रावर दुसरं काढलेलं असेल, तर खालचं आधीचं. शिंगं समोरून आणि अंग बाजूने दाखवलं असेल, तर ती जुनी पद्धत. यातून त्यांनी दोन कालखंडांची मांडणी केली. प्रत्येक कालखंडात कला साध्या रेषेपासून सुरू होऊन पुढे विकसित होत जाते, असं त्यांचं मत होतं. १९४० मध्ये लास्को सापडली, तेव्हाही तज्ज्ञांमध्ये आधी पोचले ते ब्रॉयच.

१९६१ मध्ये ते वारले. पुढे कोळशाच्या रेषांतल्या कार्बनवरून थेट वय काढता येऊ लागलं. १९९४ मध्ये शोवे गुहा सापडली. तिथल्या छटा दिलेल्या सिंह-गेंड्यांचं वय सुमारे ३६ हजार वर्षं निघालं, आणि साध्याकडून सफाईकडे जाणारी ब्रॉय यांची शिडी मोडली.

तरी त्यांचं काम वाया गेलं असं मला वाटत नाही. ज्या चित्रांना खोटं म्हटलं जात होतं, त्यांचं वय विचारण्याइतका विश्वास त्यांनी मिळवून दिला. माणूस इतका जुना आहे हे मांडत असताना ते शेवटपर्यंत धर्मगुरूच राहिले. श्रद्धा की विज्ञान, असं विचारणाऱ्यांना हे आयुष्य जरूर सांगावं.